‘माझा आवाज’ की ‘मेरी आवाज’? इंदूरच्या एका मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी इंदूरची, वय 23. बी.कॉम. झालं आहे आणि ती सियागंजच्या घाऊक बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. कॉलेजात आणि मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिने सूत्रसंचालन केलं आहे. “आवाज छान आहे, रेडिओवर जा” असं जो तो सांगतो. शहरातली एक खासगी संस्था सहा महिन्यांच्या अँकर-आर.जे. (रेडिओ जॉकी) कोर्सचे 1 लाख 80 हजार मागते आहे आणि वर शंभर टक्के नोकरीचं आश्वासन देते आहे. बाबा नको म्हणतात. पुण्याची मावशी म्हणते, इकडे निघून ये. पण पुण्याला गेली की मावसभावंडं हिच्या मराठीला हसतात आणि इथे एका ऑडिशनला हिला सांगितलं गेलं की हिंदीत मराठी फार डोकावते. तर कोर्स करू, पुण्याला जाऊ, की हे खूळ डोक्यातून काढून टाकू?

आधी एक सांगते. तू मला तीनदा ‘मॅडम’ म्हटलं आहेस. काकू म्हण. इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या बाईला मॅडम म्हटलं की बँकेच्या खिडकीसमोर उभं असल्यासारखं वाटतं.

मी या कामात 1993 पासून आहे. रेडिओवर नैमित्तिक निवेदिका होते, मग केबलवर स्थानिक बातम्या दिल्या, मग एका एफ.एम. केंद्रात दुसऱ्यांचे कार्यक्रम घडवून घेण्याचं काम केलं. आता डबिंग, माहितीपट, समारंभ, जे येईल ते. तुझं पत्र दोनदा वाचलं. कोर्सबद्दल तू चार ओळी लिहिल्या आहेस आणि लोक तुझ्या बोलण्याला हसतात याबद्दल अकरा. म्हणजे घोडं कुठे पेंड खातं आहे ते उघड आहे. पुण्यात आपण हिंदीवाले, इंदुरात आपण मराठीवाले, मग माइकसमोर नेमकं कोण म्हणून उभं राहायचं, हा तुझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर 1 लाख 80 हजारांत मिळत नाही. फुकट मिळतं, पण वेळ लागतो.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. घर तुझ्या पगारावर किती चालतं? पहाटे पाचला किंवा रात्री अकराला घराबाहेर असणं घरच्यांना चालेल का? तुला बातम्यांचं वेड आहे की गाण्यांचं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण ते दोन अगदी वेगळे धंदे आहेत. ‘अँकर किंवा आर.जे.’ असं एका दमात लिहिणाऱ्याला बहुतेक दोन्हींतलं काहीच जवळून माहीत नसतं. राग मानू नकोस, मीही तशीच होते.

आता आवाजाचं. चांगला आवाज असणं म्हणजे स्वयंपाकघरात चांगली कढई असणं. मी ऑडिशनच्या टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसले आहे. उमेदवार पहिलं वाक्य वाचतो तेव्हा आम्ही आवाज ऐकतच नसतो. वाचणाऱ्याला वाक्य कळलं आहे का, एवढंच ऐकतो. एक मुलगा आला होता, खर्जातला, भारदस्त, ऐकत राहावा असा. त्याने अपघातातल्या मृतांच्या कुटुंबीयांबद्दल सहवेदना व्यक्त झाल्याची बातमी अशा थाटात वाचली की जणू बक्षीस समारंभ चालू आहे. त्याच्यानंतर एक बारीक आवाजाची मुलगी आली. मध्येच एका नावाशी थांबली, “माफ करा” म्हणाली, नाव नीट घेतलं आणि पुढे गेली. आम्ही तिला घेतलं. नुसतं वाचून दाखवण्याचं काम तर आता यंत्रंही करतात. 26 मे 2024 ला डीडी किसानने क्रिश आणि भूमी नावाचे दोन कृत्रिम बुद्धिमत्तेचे निवेदक पडद्यावर आणले. ते थकत नाहीत, सुट्टी मागत नाहीत, पन्नास भाषांत वाचतात. ज्याची सगळी मदार गोड आवाजावर आहे त्याने त्यांच्याशी स्पर्धा करून बघावी.

मग माणसाने काय करायचं? एका रात्रीबद्दल सांगते, म्हणजे कळेल.

1998 ची अनंत चतुर्दशी. आपल्याकडे त्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात हे तुला सांगायला नको. मी जेल रोडच्या बाजूला एका घराच्या ओट्यावर माइक घेऊन उभी, केबलवर थेट प्रक्षेपण. ठरलं होतं असं की झाँकी समोर आली की मी दोन मिनिटं बोलायचं, मग कॅमेरा राजवाड्याकडच्या दुसऱ्या निवेदकाकडे जाईल. पण तिकडची तार तुटली आणि इकडे मिरवणूक अडकली. कानात आवाज आला, “ताई, बोलत राहा.” किती वेळ? “माहीत नाही.” समोर रिकामा रस्ता, ढोल दूर कुठेतरी, आणि शहरभर लोक टीव्ही लावून बसलेले. मी आदल्या दिवशी एक वही भरली होती, कुठल्या गिरणीची झाँकी कशावर आहे, कुणी बांधली. ती वही सात मिनिटांत संपली. आठव्या मिनिटाला मी “अत्यंत उत्साहाचं वातावरण आहे” हे तिसऱ्यांदा म्हटलं आणि माझं मलाच ऐकवेना.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, पांढरी टोपी, हातात पिशवी. नाइलाजाने त्यांच्यापुढे माइक धरला आणि विचारलं, “बाबा, तुम्ही कुठल्या गिरणीत होतात?” हुकुमचंद मिल, म्हणाले. ती मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली होती. पगार थकलेले, आणि तरी दर वर्षी वर्गणी काढून कामगार झाँकी काढत होते. ते बाबा बोलायला लागले. खात्यात कापूस नाकात कसा बसायचा, भोंग्यावर आख्खा परदेशीपुरा कसा उठायचा, मिल बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही ते डबा घेऊन फाटकापर्यंत कसे गेले. बारा मिनिटं. मी मध्ये तीनच प्रश्न विचारले, तेही दोन-दोन शब्दांचे. दुसऱ्या दिवशी सराफ्यात एका दुकानदाराने मला थांबवून म्हटलं, “कल आपने बहुत अच्छा बोला.” मी काहीच बोलले नव्हते. (त्या कामगारांचे पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. बाबा तोवर होते की नाही, कोण जाणे.)

निवेदकाचं काम मला त्या रात्री समजलं. तयारी करायची, ती संपेल हे धरून चालायचं, आणि संपली की समोरच्याकडे बघायचं. गंमत म्हणजे त्या रात्री मी हिंदीत होते आणि बाबा अर्धे मालवीत. भाषेची चूक कुणी काढली नाही, कारण ऐकण्यासारखं काहीतरी चाललं होतं.

याचा अर्थ भाषा कशीही चालेल असा घेऊ नकोस. आता तुझ्या अकरा ओळींकडे येते.

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या ध्वनिचाचणीत मला स्वतःबद्दल हिंदीत एक मिनिट बोलायला सांगितलं. मी सुरुवातच केली, “सब कहते हैं कि मेरा आवाज अच्छा है.” काचेपलीकडचे तिघे हसले. मला कळेना का. घरी येऊन शेजारच्या शुक्ला काकींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बेटा, आवाज अच्छी होती है.” मराठीत आवाज पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. ज्या एका शब्दावर माझं पोट भरायचं होतं त्याचंच लिंग मी चुकवलं होतं!

त्या दिवशी मी एक वही घातली, ती अजून आहे. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला हिंदी. मराठीत मजा येते, हिंदीत मज़ा आता है. मराठीत तो चहा आणि तो आत्मा, हिंदीत ती चाय आणि ती आत्मा. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. दोन महिन्यांत शंभरेक शब्द झाले आणि मग लक्षात आलं की आपण चुकतो ते याच शंभर-दीडशे ठिकाणी. समुद्र नाही गं, विहीर आहे. उपसता येते.

उच्चारांचं तसंच. आपण हिंदी बोलताना मराठी कुठे डोकावते ते ऐक. आपण ‘हाथ’ला ‘हात’ म्हणतो, ‘भूख’ला ‘भूक’, कारण आपल्या भाषेत तो शेवटचा हकार गळून गेला आहे. ‘है’ आणि ‘और’ आपण ‘हइ’, ‘अउर’ असे फोडून म्हणतो. ‘कृपा’ला ‘क्रुपा’ म्हणतो, हिंदीत ते ‘क्रिपा’ ऐकू येतं. ‘ज्ञान’चा ‘द्न्यान’ करतो, हिंदीत ते ‘ग्यान’ आहे. आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका. रेडिओच्या हिंदीत ‘ग़ज़ल’ आणि ‘ज़िंदगी’ यांत ज चुकला की जुना श्रोता कान टवकारतो.

उलट बाजूने, मराठीत हिंदी शिरते ती अशी. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन च वेगळे आहेत, ‘जीव’ आणि ‘जग’ यांतले दोन ज वेगळे आहेत. हिंदी शाळेत शिकलेल्या आपल्या पोरांचा दुसरा उच्चार पुसट होतो. ‘पाच’चा च हिंदीतल्या ‘सच’सारखा येतो. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘शाळा’ची ‘शाला’. वाक्यरचना तर विचारूच नकोस. “मी त्याच्याशी विचारलं”, “मला ते गाणं चांगलं लागतं”, “ती येऊन राहिली आहे.” घरात हे बोलायला माझी काही हरकत नाही, मीही बोलते, आणि मला ही आपली इंदुरी मराठी आवडते. होळकरांच्या काळापासून इथे राहून ती अशी झाली आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण बोली कुठली आणि माइकची भाषा कुठली हे आपल्याला माहीत असणं आणि बटण दाबल्यासारखं बदलता येणं, हेच तर कौशल्य आहे. साधी परीक्षा घे स्वतःची: हिंदीत बोलताना तोंडातून ‘इंदौर’ येतं आणि मराठीत ‘इंदूर’ येतं का, न अडखळता? नाही आलं तर दोन्ही भाषा अजून एकाच डब्यात आहेत.

म्हणून माझा सल्ला: पुढचं एक वर्ष एकच भाषा धर. कामाची म्हणून, प्रेमाची म्हणून नव्हे. इंदुरातच राहायचं असेल तर ती हिंदी. या शहरातलं नव्वद टक्के काम हिंदीत आहे, हा माझा अंदाज आहे पण चुकीचा निघणार नाही. मराठी सोडायची नाही, ती दुसऱ्या पायरीला उपयोगी पडते. इथे डबिंगला आणि समारंभांना दोन्ही भाषा स्वच्छ बोलणारी माणसं शोधावी लागतात, आणि तेव्हा मावसभावंडांचा फोन लागत नाही, तुझा लागेल.

आता काम कुठे आहे ते. मालवा हाउस म्हणजे आपलं आकाशवाणी केंद्र 22 मे 1955 ला सुरू झालं. तुझ्या आजोबांना विचार, ‘नंदाजी-भेराजी’ म्हटलं की त्यांचा चेहरा खुलेल. मालवीतून शेतकऱ्यांशी बोलणारी ती दोन पात्रं. ऐकताना वाटायचं, ओट्यावर दोघे बसलेत आणि आपण तिसरे. तिथे नैमित्तिक निवेदकांसाठी अधूनमधून जाहिरात निघते. पदवी लागते, लेखी परीक्षा असते, मग ध्वनिचाचणी, मग ‘वाणी’ नावाचं छोटं प्रशिक्षण. वयाची अट आणि फी प्रत्येक जाहिरातीत बघून घे. आणि नीट समजून घे, ही नोकरी नव्हे. महिन्याला मोजक्या ड्युट्या मिळतात, साधारण सहाच्या आत, आणि पुढे कायम होण्याची आशा धरून लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. तू आशेने जाऊ नकोस, शिकायला जा. वेळेवर फेडर (माइकचा आवाज चढवायची-उतरवायची पट्टी) उघडणं, सेकंद मोजून बोलणं, रेकॉर्ड संपायच्या आत पुढची ओळ तयार ठेवणं, चूक झाली तर गडबडून न जाणं, हे तिथे जेवढं पक्कं होतं तेवढं दुसरीकडे होत नाही.

खासगी एफ.एम. ही वेगळी दुनिया. रेडिओ मिर्चीचं पहिलं केंद्र 4 ऑक्टोबर 2001 ला आपल्या इंदुरातच सुरू झालं. (त्याच साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथे भरलं होतं. एका वर्षात शहराने दोन्ही भाषांत पोटभर बोलून घेतलं.) आर.जे. चार तास बोलत असतो असं वाटतं, प्रत्यक्षात एका तासात त्याचं बोलणं दहा-बारा मिनिटांच्या वर जात नाही. एक ‘लिंक’ म्हणजे मिनिट-दीड मिनिट. त्यात एकच विचार, सुरुवात, वळण आणि गाण्यावर उतरणं. ते दीड मिनिट लिहायला अर्धा तास लागतो. बाकी वेळ जाहिरातदारांच्या दुकानाचं उद्घाटन, मोबाइलवर टाकायचे व्हिडिओ, प्रायोजकाचं नाव सात वेळा घेणं. हे आधी माहीत असू दे, म्हणजे नंतर फसल्यासारखं वाटणार नाही. शिवाय आता बरेच कार्यक्रम एका शहरात बनून अनेक शहरांत वाजतात, त्यामुळे स्थानिक माणसांच्या जागा कमी झाल्या आहेत. बातम्यांची आवड असेल तर एफ.एम.च्या वाटेला जाऊच नकोस. खासगी एफ.एम.ला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, इतकंच.

टीव्हीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात गूढ काही नाही. बातम्यांच्या वाहिनीत पडद्यावर येणाऱ्यांपैकी बहुतेक जण आधी डेस्कवर बसलेले असतात. बातमी लिहिणं, फोनवरून माहिती काढणं, दृश्यं कापणं. वाचायचा मजकूर समोर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर बंद पडला की हे उपयोगी येतं, आणि तो बंद पडतो. स्थानिक वाहिनीत तर अँकर, बातमीदार आणि कधीकधी कॅमेरा धरणाराही एकच. त्यामुळे अँकरची जागा शोधू नकोस, डेस्कची शोध.

यांपलीकडे जे काम आहे त्याबद्दल कोर्सवाले बोलत नाहीत, पण माझं घर त्यावरच चाललं. शासकीय समारंभ, डॉक्टरांच्या परिषदा, लग्नातला संगीताचा कार्यक्रम, शाळांसाठी ध्वनिफिती, ऑडिओ पुस्तकं, फोनवरचं “कृपया प्रतीक्षा कीजिए”. (हो, दोन ठिकाणी ती मीच आहे.) फक्त एक पथ्य पाळ: ओळखीच्या मंडळात वर्षाला दोन कार्यक्रम शाल-नारळावर, तिसऱ्यापासून मानधन सांगायचं. आपल्या समाजात सूत्रसंचालिकेला पैसे द्यायचे असतात हेच बऱ्याच जणांना सुचत नाही, आणि आपण मागितले नाहीत तर मरेपर्यंत सुचत नाही. तरी सुरुवातीची वर्षं यावर भागत नाही. मी सहा वर्षं सकाळी रेडिओ आणि संध्याकाळी शिकवण्या केल्या.

कोर्सबद्दल आता बोलते. सगळे कोर्स वाईट असं मी म्हणणार नाही. मी स्वतः शिकवते आणि शिकवल्याने फरक पडतो. पण पैसे भरण्याआधी तिथे जाऊन चार गोष्टी बघ. स्टुडिओ चालू आहे की नुसता काचेमागे दिवा लावून ठेवला आहे? एका विद्यार्थ्याला सहा महिन्यांत प्रत्यक्ष माइकसमोर किती तास मिळतात? गेल्या वर्षीच्या तीन मुलांचे फोन मागून घे आणि त्यांना विचार आज काय करता. ‘शंभर टक्के नोकरी’ लेखी देता का आणि नाही मिळाली तर फी परत करता का? चौथ्या प्रश्नाला चहा मागवला जातो आणि विषय बदलतो, असा माझा अनुभव आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला अशाच एका ठिकाणी नोकरी म्हणून तीन महिने बिनपगारी काम मिळालं होतं, तेही कागदपत्रं फोटोकॉपी करायचं.

शिकायचंच असेल तर आपल्या देवी अहिल्या विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे, भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ आहे. मराठीतूनच पुढे जायचं ठरलं तर भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. तिथे निवेदन कमी आणि पत्रकारिता जास्त शिकवतात, आणि तेच बरं आहे.

पुण्याला जाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. पळसाला पानं तीनच. तिथे तुझ्यासारख्या, पण जन्मापासून तीच भाषा कानावर पडलेल्या मुली रांगेत उभ्या आहेत. इथे तुझ्याकडे एक भांडवल आहे जे तिथे शून्य होतं, ते म्हणजे हे शहर तुला माहीत आहे. सियागंजात बसून तुला हळदीचा भाव, हमालांची भाषा, गुजराती व्यापाऱ्याचं हिंदी आणि सिंधी व्यापाऱ्याचं हिंदी हे सगळं कानावर पडतं. तू पत्रात ते काम रटाळ आहे असं लिहिलं आहेस. अगं, आर.जे.ला महिनाभर पुरेल इतका माल तुझ्या टेबलासमोरून रोज जातो! ज्यांचं हिंदी समालोचन ऐकत आम्ही मोठे झालो ते सुशील दोशी आपल्या इंदूरचेच. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला त्यांचं नाव आहे. रेडिओवर ऐकणाऱ्याला चेंडू कुठून कुठे गेला हे दिसायचं. तू आधी सियागंज दिसेल असं बोलून दाखव.

कसं ते सांगते. रोज रात्री तीन मिनिटं मोबाइलवर ध्वनिमुद्रण कर. विषय एकच: आज दुकानात काय झालं. कागदावर लिहायचं नाही, फक्त तीन शब्द लिहून घ्यायचे आणि बोलायचं. एकाच माणसाशी बोल, ‘श्रोतेहो’ नको. मी अनेक वर्षं माझ्या आत्याशी बोलत असे, ती देवासला असायची आणि तिला कमी ऐकू यायचं, म्हणून प्रत्येक शब्द नीट निघायचा. कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बस, आवाज घुमत नाही. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धर, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’चा फटका बसतो. मग ते ऐक. पहिले पंधरा दिवस स्वतःचा आवाज परक्याचा वाटेल, किळस येईल, सगळ्यांना येते. ऐकताना वहीत तीनच गोष्टी लिही: कुठे भाषा सरमिसळ झाली, कुठे श्वास कमी पडला, आणि कुठे ऐकताना माझं मलाच कंटाळवाणं झालं. तिसरी गोष्ट लिहायला धैर्य लागतं.

त्याशिवाय रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन. एक दिवस हिंदी वर्तमानपत्राचा अग्रलेख, एक दिवस क्रीडापान, एक दिवस शेअर बाजार. आकडे वाचायला शीक, हिंदीतले ‘उनहत्तर’ (69) आणि ‘उन्यासी’ (79) भल्याभल्यांना गोत्यात आणतात. न्यूज ऑन एआयआर या ॲपवर देशभरची आकाशवाणी केंद्रं ऐकता येतात. इंदूर ऐक, मुंबईची अस्मिता वाहिनी ऐक, दिल्लीच्या बातम्या ऐक. नक्कल करायला नको, ते कुठे थांबतात ते ऐकायला.

घशाचे नवस-सायास करू नकोस. दही बंद, लोणचं बंद, मध-हळद चालू, हे सगळं करून झालं माझं. खरं कामाला येतं ते पाणी, झोप आणि गोंगाटात न ओरडणं. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, काढा पीत बसू नकोस. माझ्या एका मैत्रिणीने वर्षभर काढे प्यायले, स्वरयंत्रावर गाठी निघाल्या.

आता तू विचारशील, हे किती दिवस? सहा महिने धर. या दिवसांत सियागंजची नोकरी सोडू नकोस. रेडिओची पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, पहाटेच सुरू होते, त्यामुळे उद्या ड्युट्या मिळाल्या तरी दोन्ही जमेल. बाबांना सांग की काकू तुमच्या बाजूने आहेत, पण पैशांपुरत्याच.

आणि गणेशोत्सवाला मंडळात निवेदन करशील तेव्हा एक कर. पाहुण्यांची ओळख करून देताना ‘ज्यांच्या परिचयाची गरज नाही असे’ म्हणू नकोस. आदल्या दिवशी त्यांना फोन कर, दहा मिनिटं बोल, आणि कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट काढून आण. ते ध्वनिमुद्रण मला पाठव. भाषेच्या चुका मी लाल शाईने काढीन, त्या पुष्कळ असतील. ती एक गोष्ट कुठली निवडलीस ते मी आधी ऐकणार आहे.